पाणलोटाची रेघ

साहेब म्हणाले, पागधरेबाई, मिठीचं पाणलोट काढा,
शुक्रवारी बैठक आहे.
मी टेबलभर कागद अंथरला, निळी पेन्सिल तासली
आणि विहारमागच्या टेकडीपासून सुरुवात केली.

हे काम मला येतं.
डोंगराच्या पाठीवरून बोट फिरवत जायचं,
जिथं थेंबाचं मन दुभंगतं तिथं थांबायचं.
अलीकडचा थेंब विहारात, पलीकडचा तुळशीत,
पुढे दहिसरला.
रेघ त्या दोघांच्या मधून.

रेघेला वॉर्ड कळत नाहीत.
मरोळला ती एका चाळीच्या मधोमध गेली :
मोरीकडच्या पागोळ्या मिठीच्या,
जिन्याकडच्या ओशिवऱ्याच्या.
जिथं टेकडी कापून इमारत बसवलेली,
तिथं जुना नकाशा काढून
मी टेकडी परत जागेवर ठेवली.

दुपारी धावजी उघडे आला, मस्टरवर सही करायला.
साकीनाक्याचा चावीवाला. हाताला ग्रीसचा वास.
बराच वेळ वाकून बघत राहिला.

"बाई, ह्यात आमचं पाणी कुठाय?"
"कुठलं?"
"मी पहाटे चारला सोडतो ते.
ते काय ह्या टेकडीवरनं येतं?
ते तानशाचं. आमच्या दारावरनं जातं.
पाइपाला कान लावला की ऐकू येतं,
बहीण टँकरची वाट बघत त्याच पाइपावर बसलेली असते."

मी गप्प. पेन्सिल उगाच तासली.

"आणि वापरून झालं की जातं कुठं?"
हे मात्र मला ठाऊक होतं.
भांडी घासून, कपडे पिळून,
रंगाच्या कारखान्यातून, तबेल्यातून,
जातं ते मिठीतच.
नाहीतर मे महिन्यात, आभाळ ठक्क कोरडं असताना,
कुर्ल्याच्या पुलाखालून
वाहतं ते काय?

फाइलीवर लांबलचक नाव होतं :
एकात्मिक जलसंपदा व्यवस्थापन.
मला इतकी वर्षं वाटायचं,
हे माझ्याच रेघेचं समारंभातलं नाव.
घरात बाळी, लग्नपत्रिकेत चि. सौ. कां.

माथा ते पायथा, असं शिकवलेलं आम्हाला.
पण माथा शहापुरात, पायथा माहीमला,
मधला डोंगर लोखंडाच्या नळीनं ओलांडलेला,
तर माझी रेघ खोटी नव्हती,
नुसती आखूड होती.

मग दुसरा कागद डकवला. मग तिसरा.
टेबल संपलं, खुर्ची लावली.
निळ्या रेघेतून बाहेर, कॉपिंग पेन्सिलीनं, पाइप नेला
थेट धरणापर्यंत.
"गाव कुठं येईल?" धावजीनं बोट ठेवलं,
तिथं ग्रीसचा ठिपका उमटला.
खाडीतली तिवरं काढली, कोळ्यांच्या होड्या ओढायची जागा,
टँकर भरायचा नाका.
कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी साहेबांनी कागद उलगडला,
उलगडतच राहिला.
"बाई, मिठी सांगितली होती."
"मिठीच आहे, साहेब."
कुणीतरी हसलं.
मलनिःसारणवाले म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही.
पाणीपुरवठावाले म्हणाले, आमचं काम नळापर्यंत.
जिल्ह्याचं कुणी आलंच नव्हतं.
धावजीच्या बहिणीला बोलवायचं
कुठल्या तरतुदीत बसतं, ते कुणाला माहीत नव्हतं.

शेवटी मध्ये घडी घातली.
शहापूर खाली गेलं, वर मिठी राहिली,
टेबलात नीट मावली.
चहाआधी पाण्याचे पेले आले.
साहेबांनी अर्धा पिऊन घडीवरच ठेवला.

कॉपिंग पेन्सिलीला पाणी लागलं की ती जांभळी होते,
आणि मग ऐकत नाही.
पेल्याखालचं ओलं कडं दोन्ही थरांत उतरलं.
संध्याकाळी कागद गुंडाळताना बघितलं :
धरणापाशी एक जांभळं वर्तुळ,
कुर्ल्यापाशी दुसरं,
एकाच मापाची.

खोडरबर हातात होता.
कागद तसाच गुंडाळला, दोरा बांधला,
वर नंबर घातला.